एक चूक, दोन भाषा

मृगाचा पाऊस झाला की वाशीम जिल्ह्यात एकच धांदल उडते. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कोणत्याही तालुक्याला जा, कृषी सेवा केंद्रांसमोर सोयाबीनच्या बॅगा आणि त्या उचलायला आलेल्या माणसांची गर्दी दिसेल. तीन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत मला सकाळी सकाळी एक फोन आला. पलीकडे रिसोड भागातले एक काका होते. आवाज चढलेला नव्हता, पण ते जे बोलले ते अजून माझ्या कानात आहे.

"भाऊ, तुमच्या मोबाइलनं बियानं कमी सांगतलं. पेरता पेरता सरलं अन् शेवटली तासं खालीच राह्यली."

वाशीमला माझा सॉफ्टवेअरचा छोटासा व्यवसाय आहे. मी आणि हाताखाली तीन मुलं. एका ग्राहकासाठी आम्ही मोबाइलचं एक ॲप तयार केलं होतं. शेत किती ते लिहायचं, पीक निवडायचं, की बियाणं किती लागेल ते हे ॲप सांगतं. काकांचं बोलणं ऐकून मी चक्रावलो. कारण ही चूक आम्हाला महिनाभर आधीच सापडली होती आणि आम्ही ती दुरुस्तही केली होती. मग ती परत आली कुठून?

आधी चूक काय होती ते सांगतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं, पण बोलण्यात अजूनही एकर आणि गुंठेच चालतात. दोन एकर वीस गुंठे शेत असलं तर माणूस कागदावर लिहितो २.२०. हा मधला टिंब शाळेतलं दशांशचिन्ह नव्हे. डावीकडे एकर, उजवीकडे गुंठे, एवढाच त्याचा अर्थ. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे वीस गुंठे हा अर्धा एकर. शेत झालं अडीच एकर. एकरी तीस किलोप्रमाणे सोयाबीनचं बियाणं लागेल ७५ किलो. आमच्या ॲपने मात्र तो टिंब दशांशचिन्ह म्हणून वाचला आणि २.२० ला तीसने गुणलं. उत्तर आलं ६६ किलो. नऊ किलो कमी, म्हणजे बारा गुंठे वावर रिकामं.

पहिली तक्रार आली तेव्हा आमच्या एका मुलाने तासाभरात हे दुरुस्त केलं. टिंबाच्या दोन बाजू वेगळ्या केल्या, उजव्या बाजूला चाळीसने भागलं आणि मग बेरीज केली. दुरुस्त केलेलं ॲप सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं. निदान आम्ही तसं समजलो.

काकांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. काकांनी त्याला कागदाचा फोटो पाठवला. त्याने २.२० हा आकडा आपल्या मोबाइलमध्ये टाकला, ६६ किलो हे उत्तर वाचलं, तीस-तीस किलोच्या दोन बॅगांचे पैसे दुकानदाराला पाठवले आणि वडिलांना सांगितलं, की सहा किलो घरचं घाला. बाकीचं घरचं बियाणं काकांनी भावाला देऊन टाकलं. मुलाचा मोबाइल आयफोन होता. आमची दुरुस्ती झाली होती ती अँड्रॉइडमध्ये.

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ. आपण 'एक ॲप' म्हणतो तेव्हा पुष्कळदा ती दोन किंवा तीन ॲप असतात. बाहेरून रूप एक, नाव एक, पण आतलं लिखाण वेगळं. करोनाच्या काळात, २०२० साली आलेलं आरोग्य सेतू ॲप आठवा. ते अँड्रॉइडसाठी होतं, आयफोनसाठी होतं आणि जिओफोनसाठीही होतं. या प्रत्येक मोबाइलची कार्यपद्धती वेगळी आहे. अँड्रॉइडची ॲप पूर्वी जावा या भाषेत लिहीत. २०१७ साली गूगलने कोटलिन या भाषेला मान्यता दिली आणि २०१९ पासून तिलाच पहिली पसंती दिली. आयफोनकडे पूर्वी ऑब्जेक्टिव्ह-सी ही भाषा होती. २०१४ साली ॲपल कंपनीने स्विफ्ट नावाची नवी भाषा आणली. एकच लिखाण दोन्हीकडे चालवणारी साधनंही आता आहेत. फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती २०१८ च्या डिसेंबरमध्ये आली. पण आधीची असंख्य ॲप दोन भाषांत, दोन हातांनी लिहिलेली आहेत आणि ती आजही वापरात आहेत.

आमचंही तसंच. अँड्रॉइडचं ॲप एका मुलाने जावात लिहिलं. आयफोनचं दुसऱ्याने, पहिल्याचं लिखाण समोर ठेवून, स्विफ्टमध्ये उतरवलं. उतरवताना अर्थातच चूकही उतरली. पुढे तो मुलगा पुण्याला गेला. जावातली चूक दुरुस्त झाली, तिचं जुळं भावंड स्विफ्टमध्ये तसंच राहिलं.

अशा चुकांचा प्रवास किती लांबचा असतो, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. शब्दकोशात शब्द शोधताना आपण पुस्तक मधोमध उघडतो, शब्द पुढे की मागे ते पाहतो आणि उरलेला अर्धा भाग पुन्हा मधोमध उघडतो. संगणकही यादीत असंच शोधतो. जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या १९८६ सालच्या गाजलेल्या पुस्तकात ही रीत दिलेली होती. जोशुआ ब्लॉक यांनी तीच जावाच्या अधिकृत संग्रहात आणली. २००६ साली खुद्द ब्लॉक यांनीच जाहीर केलं, की तिच्यात चूक आहे आणि ती नऊएक वर्षं कोणाच्या लक्षात आलेली नाही. मधला क्रमांक काढायला दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून दोनने भागायचं. यादी प्रचंड मोठी असली की ही बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाते. एवढ्या मोठ्या संख्येला जावाच्या त्या खणात जागा नाही, म्हणून उत्तर उणे येतं. पुस्तकातून एका भाषेत, तिथून आणखी कुठे कुठे, असा हा चुकीचा प्रवास. लिहिणारी माणसं नवशिकी नव्हती, तर या क्षेत्रातली जाणकार मंडळी होती.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो. एका भाषेतल्या प्रोग्राममध्ये चूक सापडली, तर तिचं जुळं दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्राममध्ये कसं शोधायचं? आमच्या दोन ॲपमध्ये मिळून हजारो ओळी होत्या. त्या दिवशी आम्ही चौघं शोधायला बसलो आणि मला या विषयाची खोली कळायला लागली.

भाषा एकच असेल तर काम पुष्कळ सोपं असतं. अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲलेक्स एकेन यांनी १९९४ साली मॉस नावाची यंत्रणा तयार केली. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे प्रोग्राम उतरवून काढले आहेत का, हे ती दाखवते. नावं बदलली, जागा बदलल्या, तरी तिला संशय येतो. प्रोग्रामचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यापासून एक आकडा काढायचा आणि त्यातले निवडक आकडे बोटांच्या ठशांसारखे जपून ठेवायचे. दोन प्रोग्रामचे ठसे जुळले की नक्कल. पण दोन भाषांमध्ये हे ठसे जुळत नाहीत, कारण अक्षरंच वेगळी असतात.

आपल्या कारंज्याच्या जैन भांडारांमध्ये जुनी हस्तलिखितं आहेत. १९३० च्या दशकात डॉ. हिरालाल जैन यांनी तिथल्या अपभ्रंश ग्रंथांचं संपादन केलं. हस्तलिखितांचे संपादक वेगवेगळ्या प्रती शेजारी ठेवून वाचतात. दोन प्रतींत नेमकी एकच चूक असली, तर एकीवरून दुसरी उतरवली असावी किंवा दोघींची मूळ प्रत एक असावी, असं ते ताडतात. आमचं काम याच जातीचं होतं. फरक इतकाच, की आमच्या दोन प्रती दोन भाषांत होत्या.

पहिला प्रयत्न आम्ही शब्द शोधून केला. तो लगेच फसला. जावा लिहिणाऱ्याने शेताच्या आकड्याला 'क्षेत्र' असं नाव दिलं होतं, स्विफ्ट लिहिणाऱ्याने 'जमीन'. शोध 'क्षेत्र'चा घेतला, तर 'जमीन' कशी सापडणार?

दुसरी रीत ठरलेल्या खुणांची. तुम्हाला कन्नड येत नसलं आणि हातात कन्नड वर्तमानपत्र पडलं, तरी क्रिकेटच्या सामन्याची बातमी तुम्ही ओळखाल. धावांचे आकडे, तारीख, छायाचित्र, यांवरून. भाषांतरात शब्द बदलतात, आकडे सहसा बदलत नाहीत. प्रोग्रामचंही तसंच आहे. एकरी तीस किलोचा ३०, पडद्यावर दिसणारी मराठी वाक्यं, ज्या सर्व्हरकडून माहिती येते त्याचा पत्ता, हे दोन्ही भाषांत जसंच्या तसं राहतं. आम्ही ३० हा आकडा आणि 'बियाणे किलोमध्ये' हे शब्द दोन्हीकडे शोधले आणि दहा मिनिटांत मूळ जागा सापडली. गरिबाघरची रीत, पण कामाला येते.

तिसरी रीत व्याकरणाची. शाळेत आपण वाक्याचं पृथक्करण करतो. कर्ता, कर्म, क्रियापद वेगळं काढतो. मराठी आणि इंग्रजी वाक्यांत शब्दांचा क्रम निराळा, पण पृथक्करण केल्यावर 'कोणी, काय, केलं' हे दोन्हीकडे सारखंच निघतं. प्रोग्रामचंही असं पृथक्करण करता येतं. त्याचं एक झाड तयार होतं. मुळाशी पूर्ण काम, फांद्यांवर 'जर असं असेल तर', 'इतक्या वेळा करा', 'याला त्याने गुणा'. नावं गाळून टाकली आणि दोन्ही भाषांतल्या फांद्यांना समान नावं दिली, की झाडं शेजारी ठेवून ताडता येतात. कोटलिन आणि स्विफ्ट या भाषा मराठी आणि कोकणीसारख्या जवळच्या आहेत, त्यांची झाडं चटकन जुळतात. जावा आणि ऑब्जेक्टिव्ह-सी यांची ठेवण वेगळी, तिथे जास्त कष्ट पडतात.

चौथी रीत त्याहून खोल जाते. शब्द सोडा, वाक्यरचनाही सोडा. माहिती कुठून निघते आणि कुठे पोहोचते ते पाहा. आपल्याकडे विहिरीचं पाणी पाटाने कोणत्या वाफ्यात जातं ते जसं पाहतो, तसं. शेतकऱ्याने लिहिलेला आकडा कुठे गेला? त्याला कशाने गुणलं? उत्तर कोणत्या चौकटीत उतरलं? दोन प्रोग्राममधला हा प्रवाह सारखा असेल, तर ओळी कितीही वेगळ्या दिसोत, काम एकच आहे. प्रोग्राम तपासणारे प्रोग्राम लिहिण्याचं हे शास्त्र आपल्या राज्यातही रुजलेलं आहे. टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर ही संस्था पुण्यात १९८१ साली सुरू झाली आणि अशा तपासणीवर तिथे संशोधन झालं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं करण्यापेक्षा दोन्ही ॲपना तेच प्रश्न विचारून पाहा ना! अगदी बरोबर. ही पाचवी रीत, आणि मला सगळ्यात आवडलेली. वर्गातल्या दोन मुलांना एकच पेपर द्यायचा. २.२० टाका, २.०५ टाका, ०.३९ टाका आणि दोघांची उत्तरं शेजारी मांडा. उत्तर वेगळं आलं की एकाची तरी चूक आहे. पण या रीतीच्याही दोन मर्यादा आहेत. दोघांचीही चूक सारखीच असेल तर उत्तरं जुळतात आणि आपण फसतो. म्हणून खरं उत्तर कागदावर आधी काढून ठेवावं लागतं. आणि दुसरं, सगळे प्रश्न कधीच विचारून होत नाहीत. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली गणिताने दाखवून दिलं, की कोणताही प्रोग्राम दिला असता तो कधी थांबेल की नाही, हे अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही. त्यातूनच पुढे निघतं, की कोणतेही दोन प्रोग्राम तंतोतंत सारखं वागतात का, याचाही खात्रीचा निवाडा प्रत्येक वेळी यंत्राकडून मिळणार नाही. संशय यंत्राने दाखवावा, निवाडा माणसाने करावा.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ताही या कामाला लागली आहे. तिला हजारो-लाखो प्रोग्राम दाखवतात आणि प्रत्येक तुकड्याला ती आकड्यांच्या एका मालिकेत बसवते. नकाशावर जशी जवळची गावं जवळ येतात, तसे सारख्या अर्थाचे तुकडे तिथे जवळ येतात. आयबीएम कंपनीने २०२१ साली अशा शिकवणीसाठी प्रोजेक्ट कोडनेट नावाचा संग्रह खुला केला. त्यात ५५ भाषांतले सुमारे १ कोटी ४० लाख नमुने आहेत. एकाच गणिताची वेगवेगळ्या भाषांतली उत्तरं त्यात असल्याने यंत्राला जोड्या शिकता येतात. पण शिकवलं तेवढंच येतं, हेही खरं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० साली मांडलेलं कोडबर्ट सहा भाषांवर शिकलेलं होतं. त्यात जावा होती, पण कोटलिन आणि स्विफ्ट या दोन्ही नव्हत्या.

या शोधात आम्हाला आणखी एक गोष्ट सापडली आणि तिने मला जास्त शिकवलं. खत देण्याची आठवण करून देणारा एक भाग दोन्ही ॲपमध्ये होता. ओळी शेजारी ठेवल्या तर अगदी सारख्या. दोन्हीकडे महिन्यासाठी ६ हा आकडा. आम्ही म्हणालो, चला, इथे तरी काळजी नाही. मग एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, जावाच्या या जुन्या कॅलेंडरमध्ये जानेवारी शून्यापासून मोजतात." म्हणजे जावात ६ हा जुलै, आणि आयफोनवर ६ म्हणजे जून! अँड्रॉइडवाल्यांना आठवण जुलैत, वेळेवर आली. आयफोनवाल्यांना महिनाभर आधी, पेरणीच्या धामधुमीत. तेव्हा तिच्याकडे कोण लक्ष देणार?

म्हणजे बघा, एका ठिकाणी ओळी निराळ्या आणि चूक एक. दुसऱ्या ठिकाणी ओळी सारख्या आणि अर्थ निराळा. भाषांतर करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. अक्षर तेच आहे म्हणून अर्थ तोच धरला, की घोटाळा झालाच. मघाच्या बेरजेचंही असंच आहे. तीच ओळ जावात गुपचूप उणे उत्तर देते, स्विफ्टमध्ये प्रोग्राम जागीच थांबतो आणि पायथन भाषेत ती बिनचूक चालते, कारण तिथे संख्येला अशी मर्यादाच नाही. म्हणून सारखं दिसणं आणि सारखं असणं या दोन गोष्टी आहेत, आणि तपासायचं असतं ते असणं.

हे सगळं शेतकऱ्यासाठी का महत्त्वाचं, असं कोणी विचारेल. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून आपल्या राज्यात पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवर करू लागला. बियाणं, फवारणी, बाजारभाव, पैसे पाठवणं, सगळं आता हातातल्या यंत्रावर आलं आहे. एका घरात बापाकडे एक मोबाइल, मुलाकडे दुसरा. दोघांना दोन उत्तरं मिळाली, तर ज्याच्याकडे महागडा मोबाइल त्याचं खरं, असं घरात धरलं जातं. काकांच्या घरी तेच झालं.

आम्ही मग काय केलं? टिंबाची भानगडच काढून टाकली. आता एकरासाठी एक चौकट आणि गुंठ्यांसाठी दुसरी. चाळिसावर गुंठे कोणी लिहिले तर ॲप विचारतं, की आकडा बरोबर आहे ना? साठ प्रश्नांचा एक पेपर आम्ही हाताने सोडवून ठेवला. कोणत्याही ॲपमध्ये काही बदललं, की दोघांनाही तो पेपर द्यायचा. आणि भिंतीवर एक वही टांगली. चूक दुरुस्त केली, की शेजारच्या रकान्यात तिच्या जुळ्या भावंडाचा पत्ता लिहायचा. तो रकाना भरल्याशिवाय काम संपलं असं आम्ही म्हणत नाही.

त्या आठवड्यात मी काकांकडे जाऊन आलो. नुकसान भरून देण्याची भाषा मी काढली, त्यांनी ती ऐकून घेतली नाही. त्या बारा गुंठ्यांत त्यांनी तूर पेरली होती. निघताना मी त्यांना नवं ॲप दाखवलं. त्यांनी दोन आणि वीस असे आकडे टाकले, ७५ वाचलं आणि बोटांवर हिशेब केला. एकराला तीस, दोनाचे साठ, अर्ध्याचे पंधरा.

"आता जमलं," ते म्हणाले. "पन पोराच्या फोनात पाह्यलं का?"

मी खिशातून दुसरा मोबाइल काढला आणि तिथेही २ आणि २० टाकून दाखवले.